दोन पॉइंट्समधले २५ सेकंद

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा काळजी वाटली. मीटिंगमध्ये फजिती झाली म्हणून आता 'चॅम्पियनसारखं' जगायचं ठरवलं आहेस: पहाटे चारला उठणार, रविवारची सुट्टी बंद, भिंतीवर पोस्टर, फोनवर रोज सकाळी एक जळजळीत वाक्य. चारला उठायला माझी ना नाही. पण पेपर टाकणारी मुलंही चारलाच उठतात, त्यांना कुणी पदक देत नाही.

आधी त्या मीटिंगबद्दल बोलू. तिसऱ्या स्लाइडवरचा आकडा चुकीचा निघाला, समोरच्या बाईंनी तो सगळ्यांदेखत दाखवून दिला आणि 'तिथंच सगळं संपलं', असं तू लिहिलंस. मीटिंग पन्नास मिनिटांची होती. तिसरी स्लाइड फार तर दहाव्या मिनिटाला आली असेल. चुकीला गेलं अर्धं मिनिट, आणि उरलेली चाळीस मिनिटं तू त्या अर्ध्या मिनिटातच उभी राहिलीस. मीटिंग त्या चाळीस मिनिटांनी घालवली. आकड्यावर उगाच आळ घेऊ नकोस.

हे मी अधिकारानं सांगते, कारण हेच मी धावताना केलं आहे. कॉलेजात मी ८०० मीटर धावायचे. एका शर्यतीत मागच्या मुलीचा पाय माझ्या टाचेवर पडला आणि स्पाइक्सचा एक बूट निघाला. मी शेवटून दुसरी आले. बाहेर येऊन तावातावानं प्रशिक्षकांना सांगायला लागले, की तिनं मुद्दाम केलं, पंचांनी बघितलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "बूट कुठे निघाला?" म्हटलं, ३०० मीटरवर. "मग पुढचे ५०० मीटर काय करत होतीस?" मला उत्तर सुचलं नाही. खरं उत्तर असं होतं, की मी पंचांशी मनातल्या मनात भांडत होते.

तू फेडररची चाहती आहेस, म्हणून त्याचाच दाखला देते. जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यानं स्वतःचा हिशेब मांडला होता. एकेरीचे १५२६ सामने खेळला, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकला. आणि पॉइंट्स किती जिंकले? फक्त ५४ टक्के. म्हणजे इतकी वर्षं जगात अव्वल मानला गेलेला हा माणूस दर शंभरातले ४६ पॉइंट्स हरत होता. एका संध्याकाळी शंभरेक वेळा हरायचं आणि तरी सामना जिंकून घरी जायचं, असा त्याचा धंदा. प्रत्येक हरलेल्या पॉइंटचं सुतक पाळत बसला असता तर दुसरा सेटही पुरा झाला नसता.

टेनिसमध्ये एक पॉइंट संपल्यापासून पुढची सर्व्हिस करेपर्यंत २५ सेकंद मिळतात. टीव्हीवर त्या वेळात रिप्ले दाखवतात, म्हणून आपल्याला खेळाडू दिसत नाही. कधी प्रत्यक्ष सामना बघायला मिळाला तर तेवढाच भाग बघ. पॉइंट हरलेला खेळाडू पाठ फिरवतो, टॉवेलकडे जातो, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करतो, चेंडू निवडतो, एक नापास करून परत देतो, ठरलेल्या वेळा टप्पे देतो. नदाल तर खुर्चीवर आला की पाण्याच्या दोन बाटल्या लेबल कोर्टाकडे करून नेमक्या जागी ठेवायचा. लोक त्याची टिंगल करायचे. मला विचारशील तर त्यात वेडेपणा काही नाही. हातांना ठरलेलं काम दिलं की भरकटलेलं डोकं त्यांच्यामागून परत येतं.

तुलाही असं हातांचं काम हवं. चूक निघाली की आधी एकच वाक्य, तेही पाठ करून ठेवलेलं: "बरोबर आहे तुमचं, हा आकडा तपासून संध्याकाळपर्यंत पाठवते." दुसरं वाक्य नको. तू नेहमी दुसरं, तिसरं, चौथं बोलतेस आणि त्यात रुततेस. मग पाण्याचा एक घोट. मग पुढच्या स्लाइडचं शीर्षक मोठ्यानं वाचायचं. बस. दहा सेकंदांचं काम आहे, पण घरी सराव केल्याशिवाय ऐनवेळी सुचणार नाही.

आता तू म्हणशील, म्हणजे चुका विसरून जायच्या? मुळीच नाही. खेळाडू चूक पुढे ढकलतो, माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी तोच सामना लावून, जिथे हरला ती जागा पुन्हापुन्हा मागे घेऊन बघतो. मला तुझ्या पत्रात सगळ्यात खटकलं ते इथे. चार पानं दुःख आहे. आकडा चुकला कसा, याबद्दल एक ओळ नाही. जुनी फाइल उघडली गेली? की कुणाकडून आलेला आकडा न तपासता उचललास? हे अजून बघितलेलं नसशील तर पोस्टर नंतर लाव, आधी ती फाइल उघड.

आमचे प्रशिक्षक शर्यतीनंतर वहीत तीनच ओळी लिहायला लावायचे: काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलायची. चौथी ओळ लिहिली की खोडायचे. पहिल्या दोन ओळींत 'मी फार वाईट आहे' अशा वाक्यांना जागाच नसायची. ती वही माझ्याकडे अजून आहे. बूट निघाल्याच्या दिवशी तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे, "लेस दोनदा बांधणे."

एक गोष्ट तुला आवडणार नाही. तू बोलण्यात हुशार आहेस, आणि म्हणूनच तू तयारी टाळतेस. उभी राहिलीस की वेळ मारून नेतेस, आजवर निभावलंही. सचिनची सिडनीतली जानेवारी २००४ ची खेळी तुला माहीत असेलच. इतक्या वेळा सांगितली जाते की मला ती लिहितानाही संकोच वाटतो. पण दाखला चपखल आहे. त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू मारायला जाऊन तो बाद होत होता. सिडनीत त्यानं कव्हर ड्राइव्हच बंद केला. दहा तासांहून जास्त वेळ, ४३६ चेंडू, नाबाद २४१. जो फटका बघायला लोक तिकीट काढायचे, तोच त्यानं बासनात बांधून ठेवला. पुढच्या तीन मीटिंगांपुरतं तू आयत्या वेळचं बोलणं बंद कर. कागदावर असेल तेवढंच बोल. नीरस वाटेल, वाटू दे.

आणि तयारी म्हणजे सगळं नीट होईल असं धरून केलेली तालीम नव्हे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीच्या अंतिम फेरीत मायकेल फेल्प्सच्या गॉगल्समध्ये पाणी शिरलं. शेवटी शेवटी त्याला समोरची भिंतही दिसेना. तो हात मोजत गेला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह जिंकला. हे आयत्या वेळी सुचलेलं शहाणपण नव्हतं. किती हात मारले की भिंत येते, हे त्याला सरावातून ठाऊक होतं. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी तर पूर्वी एका शर्यतीआधी मुद्दाम त्याच्या गॉगल्सवर पाय दिला होता, बघू काय करतो म्हणून. तुझी तालीम आरशासमोर, बंद खोलीत, सगळं सुरळीत चालू असताना होते. तिथे गॉगल्समध्ये पाणी शिरत नाही.

प्रगती किती वेगानं होते, याचाही तुझा अंदाज चुकला आहे. तीन महिन्यांत 'वेगळी व्यक्ती' व्हायचं म्हणतेस. धावपटू अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (वाटेतले अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) २०१८ साली ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२४ मध्ये तो ८:०९.९१ वर आला. मधल्या सहा वर्षांत स्वतःचाच विक्रम त्यानं पुन्हापुन्हा मोडला. एकदा तर एका सेकंदाच्या आतच सुधारणा होती, आणि ८:११.२० वरून शेवटचा सव्वा सेकंद कमी करायला त्याला जवळपास दोन वर्षं लागली. जितकं वर जाशील तितकी पुढची पायरी महाग पडते.

रविवार मात्र परत घे. आमच्या सरावाच्या तक्त्यात दोन रकाने असायचे, धावण्याचा आणि थांबण्याचा. ४०० मीटर धावायचं, मग ठरलेली तीन मिनिटं चालायचं. एकदा मी शहाणपणा करून दोनच मिनिटांत पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिले, तर प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवून परत पाठवलं. घड्याळ दाखवून म्हणाले, "हीसुद्धा प्रॅक्टिसच चालू आहे." मेहनतीनं स्नायू आधी थकतात, झिजतात, ते मजबूत होतात नंतरच्या आरामात. मोठ्या स्पर्धेआधीचे एक-दोन आठवडे धावपटू सराव कमी करतात, वाढवत नाहीत. तू मीटिंगच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागलीस. तो चुकीचा आकडा कदाचित रात्री दीडचा असेल.

एवढं सांगून झाल्यावर थोडं उलटही बोलते. खेळाची उपमा सगळीकडे लावायची नसते. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बढती मिळाली म्हणजे तू हरलीस असं नाही. तिथे सुवर्णपदक एकच नसतं. नोकरीत धावफलक धड नसतो, पंच पक्षपाती असू शकतात, आणि कधी कधी सगळं बरोबर करूनही काही मिळत नाही. शिवाय आपल्यापर्यंत गोष्टी पोहोचतात त्या जिंकलेल्यांच्याच. तेवढीच मेहनत करून अंतिम फेरीही न गाठलेले कितीतरी असतात, त्यांची पोस्टरं छापत नाहीत. मी त्यांच्यातलीच. आठशे मीटरनं मला पदक दिलं नाही, पण वही दिली. सौदा वाईट नव्हता.

गुरुवारी त्याच लोकांपुढे पुन्हा उभं राहायचं आहे ना? मग मंगळवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, लॅपटॉप घेऊन. सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवायचं. मध्येच कुठेतरी मी स्क्रीन बंद करीन, आणि एक आकडा चुकीचा आहे असं ठणकावून सांगीन. तो चुकीचा असेलच असं नाही.

तुझी,
ताई