चिरेखाणीवरच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल का?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या चिरेखाणीवर कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यातून आलेले एक कुटुंब प्लास्टिकच्या कागदाने शाकारलेल्या खोपटात राहते. दहा वर्षांची मुलगी गावी तिसरीपर्यंत शिकली आहे. सात वर्षांचा मुलगा शाळेत गेलेलाच नाही. पत्त्याचा पुरावा, आधार कार्ड व शाळा सोडल्याचा दाखला नाही आणि दिवाळीही उलटली, म्हणून शाळेने प्रवेश नाकारला. काय करावे?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आपण सांगितलेल्या कारणांपैकी एकही कायद्यात बसत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला असून त्यासाठी घराच्या मालकीची किंवा भाडेकराराची अट घातलेली नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे तर कलम 9 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचेच (म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेचे) कर्तव्य आहे.

दाखल्याचा मुद्दा कलम 5 मध्ये येतो. मूल परराज्यातून आले तरी त्याचा दाखला यायला उशीर झाला, या सबबीवर प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाच्या पुराव्याअभावी (कलम 14) किंवा वर्ष सुरू झाल्यामुळेही (कलम 15) प्रवेश अडत नाही. आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे नसल्याचे स्पष्ट केले आहे.

मुलाला पहिलीत बसवण्यापेक्षा कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे लागेल. कानडी बोलणाऱ्या मुलाला मराठी वर्गात रुळायला वेळ लागणारच, आणि मुख्याध्यापकांची खरी अडचण बहुधा हीच असते. ती समजून घ्यावी, पण तिच्यापायी मुलाला शाळेच्या बाहेर ठेवू देऊ नये.

पालकांना सोबत घेऊन लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नकार दिल्यास तोही लेखी मागा, कारण तोंडी नकार पुढे सिद्ध करता येत नाही. त्यानंतर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांना भेटा. कलम 32 खालील लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

पावसाळ्यापूर्वी खाणी बंद झाल्या की हे कुटुंब गावी परतेल. त्या वेळी दाखला ताबडतोब मागून घ्यावा. तो देण्यास विलंब करणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात.