पडक्या घराची घरपट्टी आणि 31 मार्च

डोंबिवलीत राहणाऱ्या एका वाचकाचे रायगडच्या किनाऱ्यावर, नगरपरिषदेच्या हद्दीत, चुलतभावांसह सामाईक वडिलोपार्जित कौलारू घर आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात छप्पर गेले, पुढच्या पावसाळ्यांत जांभ्याच्या भिंती खचल्या, तरी घरपट्टीचे बिल पूर्वीच्याच आकारणीने येते आणि थकबाकीवर शास्ती चढते आहे. सगळी थकबाकी रद्द होईल का, असे ते विचारतात. चाकरमान्यांची अशी पत्रे नेहमी येतात.

पडीक म्हणून घरावर आपल्याकडे वेगळा कर नाही आणि पडीक म्हणून घरपट्टी आपोआप कमीही होत नाही. आकारणी यादीत जी नोंद आहे, तिच्यावर बिल निघते. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 123 खाली ही नोंद अधेमधे बदलून घेता येते, पण तुमच्यासारख्या प्रकरणात त्या बदलाचा परिणाम फार तर चालू आर्थिक वर्षात मागे जातो. 2020 मध्ये घर पडले आणि अर्ज आज केला, तर मधल्या वर्षांची सूट या कलमातून मिळत नाही. त्या वर्षी दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घेतली असती, तर आज हा प्रश्नच उरला नसता. घर कोसळल्याचे गावात सर्वांना ठाऊक होते, हे उत्तर कायद्याला पुरत नाही.

म्हणून अर्ज याच आठवड्यात द्यावा. मार्चच्या अखेरीस दिलेल्या अर्जाचा उपयोग होईल असे धरून चालू नये, कारण नोटीस, पाहणी आणि सुनावणीत महिने जातात, 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि त्या विलंबाची किंमत शेवटी मालकालाच मोजावी लागते. ज्यावर घरपट्टी आकारतात ते करयोग्य मूल्य घराला रास्तपणे मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावर ठरते आणि छप्पर नसलेल्या घराला भाडे मिळू शकत नाही, हा मुद्दा अर्जात स्पष्ट मांडावा. वादळानंतरचा पंचनामा, वीजजोडणी तोडल्याची नोंद आणि तारखेची छायाचित्रे जोडावीत.

अर्जात ‘घर अस्तित्वात नाही’ असे मात्र लिहू नये. ‘राहण्यास अयोग्य, छप्पर नाही’ असे लिहावे. घर भरतीरेषेजवळ असेल, तर किनारा नियमन क्षेत्रातील ना-विकास पट्ट्यात नव्या घराला सहसा परवानगी मिळत नाही, पण अधिकृत जुन्या बांधकामाची पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या मर्यादेत करता येते. काही शे रुपये वाचवण्यासाठी त्या जोत्याचा पुरावा स्वतःच्या सहीने पुसून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे नुकसान नंतर भरून निघालेले नाही. भिंती उतरवण्यापूर्वी जोत्याची मोजणी करून घ्यावी. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, तरी बांधकाम किती जुने आहे हे दाखवायला ती उपयोगी पडू शकते.

थकबाकीबद्दल मी फारशी आशा दाखवणार नाही. दरमहा 2 टक्के शास्ती थांबवायची असेल, तर हरकत लेखी नोंदवून रक्कम भरणे बहुधा शहाणपणाचे ठरेल. कलम 170 प्रमाणे अपील बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत, रक्कम जमा करून आणि मूळ आकारणीवर मुदतीत हरकत घेतली असेल तरच चालते. तुम्ही ती घेतल्याचे पत्रावरून दिसत नाही. शास्तीमाफीची योजना आली तर लाभ घ्यावा, तिच्या भरवशावर थांबू नये.

खचलेल्या भिंती रस्त्याच्या बाजूला असतील, तर धोकादायक बांधकामाबाबत कलम 195 ची नोटीस येऊ शकते. चुलतभावांची संमती मिळत नाही, हे तिला उत्तर होत नाही. नोंद बदलण्याचा अर्ज एकट्या सहहिस्सेदारालाही सामान्यतः करता येतो. त्यात इतरांची नावे लिहावीत आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.