घोटा दुखत असताना खेळायचं का? व्हॅन बास्टेनचं अर्धंच ऐकू नका

प्रश्न: माझा मुलगा अकरावीला आहे, होम मैदानावर फुटबॉल खेळतो. महिना झाला उजवा घोटा मुरगळलाय. रात्री हळदीचा लेप लावून देते, सकाळी सूज जरा उतरली की क्रेप बँडेज गुंडाळून हा परत खेळायला. ओरडलं की म्हणतो, मार्को व्हॅन बास्टेनपण दुखऱ्या पायानंच युरो कप जिंकला. कोण हा, आणि खरंय का हे?
– एक आई, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर: ताई, खेळाडू त्यानं एक नंबर निवडलाय पण गोष्ट उलटी ऐकलीय. व्हॅन बास्टेन हॉलंडचा, 1964 ला उट्रेख्टमध्ये जन्मला, अयाक्स ह्या तिथल्या क्लबकडून पहिली मॅच खेळला तीच योहान क्रायफ ह्या दिग्गजाच्या बदली उतरून, आणि त्यातच गोल मारला. पुढं अयाक्ससाठी लीगच्या 133 मॅचमध्ये 128 गोल! स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू म्हणून माझ्या मते त्याच्या तोडीचे फार थोडे झाले.

दुखऱ्या घोट्यानं तो खेळला ते 1987 च्या मे मध्ये. आधीच्या डिसेंबरात घोट्याला मार बसला होता, तरी युरोपातल्या क्लबांच्या कप विनर्स कपच्या फायनलला उतरला, गोलही त्याचाच, अयाक्स 1-0 जिंकलं. पण त्याची किंमत नंतर मोजली, इटलीच्या मिलान क्लबला गेल्यावर ऑपरेशन करावं लागलं आणि पहिल्या सीझनला लीगच्या फक्त 11 मॅच खेळायला मिळाल्या.

म्हणजे युरो 1988 ला तो गेला तो ऑपरेशन करून, कितीतरी महिने बाहेर बसून, आणि पहिल्या मॅचला तर सुरुवातीच्या टीममध्येपण नव्हता, बदली म्हणून आला. मग इंग्लंडविरुद्ध हॅटट्रिक म्हणजे एकाच मॅचमध्ये 3 गोल, सेमीफायनलला पश्चिम जर्मनीविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल, आणि फायनलला म्युनिकमध्ये सोव्हिएत युनियनविरुद्ध तो गोल, त्याच्याच टीममधल्या म्यूरेननं डावीकडून लांब उचलून दिलेला बॉल खाली पडूच दिला नाही, उजव्या कडेला इतक्या अवघड कोनातून तसाच हवेत मारला, दासाएवसारख्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत. पोराबरोबर बसून बघाच ताई, तो कशापायी वेडा झालाय ते कळेल.

बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, 3 वेळा मिळाला, 1988, 1989 आणि 1992. आणि 1992 च्याच डिसेंबरात परत त्याच घोट्याचं ऑपरेशन. मे 1993 ला चॅम्पियन्स लीग ह्या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, मिलानकडून, फ्रान्सच्या मार्सेविरुद्ध, कसाबसा उतरला, मॅच संपायच्या आधीच बाहेर काढावं लागलं. तेच म्युनिकचं ग्राउंड. वय 28. त्यानंतर एकही मॅच नाही, 2 वर्षं वाट बघून 1995 ला रिटायर झाला. पुढं तर घोट्याचा सांधाच डॉक्टरांनी कायमचा जोडून टाकला, दुखणं थांबावं म्हणून.

महिनाभर दुखतोय म्हणजे लिगामेंटचं, म्हणजे हाडं जोडणाऱ्या दोऱ्यांचं, काही असू शकतं, लेपावर नका थांबू, चोळून तर मुळीच घेऊ नका, ह्याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील ते एक्स-रे वगैरे फोटो काढा. तोवर खेळणं बंद. नंतर फिजिओचे व्यायाम नेमानं करू द्या, एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या, धावता-वळता आलं आणि डॉक्टर हो म्हणाले की खुशाल होम मैदानावर पाठवा.