उसळ खाल्ल्याने नस जुळायची थांबते का?

“मॅडम, टाके घालून चार महिने झाले, बोटं अजून बधिरच. आईनं चपाती, राजमा, वाल, हरभरा सगळं बंद केलंय. आता अजून काय सोडू?”

काचेची तावदानं बसवणारा हा तरुण. तावदान फुटलं आणि उजव्या मनगटात मीडियन नर्व्ह कापली गेली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची एक बाजू, एवढ्या भागाची जाणीव हीच नस आणते. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. फिजिओथेरपिस्टने त्याला माझ्याकडे धाडलं, कारण वजन उतरलं होतं, झोप उडाली होती आणि व्यायामाला तो येईनासा झाला होता.

मूळ दुखणं आईच्या मोबाइलमध्ये निघालं. ‘लेक्टिन नावाचं प्रथिन नसांना चिकटतं, वाढ थांबवतं, गव्हातलं लेक्टिन तर नसेतून थेट मेंदूकडे चढतं.’ असले मेसेज निव्वळ थापा असते तर माझं काम सोपं होतं. पण यातलं निम्मं खरं आहे. म्हणून “सोडा हो मावशी, काही नसतं तसं” म्हणून मला सुटता येत नाही.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या बारीक साखळ्या असतात. चहातल्या साखरेशी किंवा शुगरच्या रिपोर्टशी त्यांचा संबंध नाही. या साखळ्या ओळखून धरणारी प्रथिनं म्हणजे लेक्टिन. नसेतल्या वाढणाऱ्या चेतातंतूचं टोक वेलाच्या तणाव्यासारखं चाचपडत, आधार पकडत पुढे सरकतं. कुठे धरायचं आणि कुठे थांबायचं, यात या प्रथिनांचा हात असतो.

गंमत अशी की जॅकबीन नावाच्या शेंगेतून जेम्स समनर यांनी 1919 मध्ये वेगळं काढलेलं कॉन्कॅनाव्हॅलिन ए प्रयोगशाळेतल्या बशीला लावलं, तर जळूच्या चेतापेशी तिला घट्ट चिकटतात आणि भराभर फुटवे काढतात. म्हणजे कडधान्यातलंच लेक्टिन, आणि वाढ थांबण्याऐवजी सुरू झाली! गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन संशोधक प्राण्यांना सुईने टोचतात. चेतातंतू ते आत घेतात, पेशीकडे वाहून नेतात आणि त्यावरून नसांच्या वाटा शोधता येतात. मेसेजमधली चपाती इथूनच मेंदूकडे निघाली असावी. सुईने टोचणं आणि ताटात वाढणं यातला फरक तेवढा वाटेत गळला.

शरीर स्वतःही लेक्टिन बनवतं. गॅलेक्टिन-1 ने प्राण्यांमधल्या प्रयोगांत कापलेल्या नसेतले तंतू पुन्हा वाढायला मदत केली आहे. उलट मेंदू आणि मज्जारज्जूत, तंतूंवरच्या मायलिन आवरणात ‘मॅग’ नावाचं लेक्टिन असतं. ते चेतापेशीवरच्या साखळ्यांतल्या सियालिक आम्ल या शर्करेला धरतं आणि वाढीला आवर घालतं. मज्जारज्जूची जखम हाताच्या नसेसारखी भरून येत नाही, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. हातात मात्र कापल्या जागेच्या पुढचं जुनं मायलिन श्वान (Schwann) पेशी, म्हणजे नसेला आवरण घालणाऱ्या पेशी, आणि भक्षक पेशी साफ करून टाकतात.

“मग चांगलं लेक्टिन कशात मिळतं?” त्याने लगेच विचारलं. कशातच नाही. हाताच्या नसेसाठी त्याची गोळी नाही, पावडर नाही. कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेव, असं मी स्पष्ट सांगितलं.

राजम्याचं भय पोटापुरतं खरं आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने काही तासांत उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून किमान 10 मिनिटं उकळला की ते लेक्टिन निकामी होतं. मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. कुकरमध्ये हे होतंच. मावशींच्या घरी अंडं-मटण चालत नाही. जखम भरायच्या दिवसांत कडधान्यं काढली तर प्रथिनं उरतात कशात?

मग फिजिओथेरपिस्टने त्याच्या तळहातावर बोटाने टिचक्या मारल्या. एका ठिकाणी तो दचकला. बोटांत मुंग्या धावल्या. कोवळे तंतू तिथवर आल्याची ही खूण, आणि मागच्या नोंदीपेक्षा ती पुढे सरकली होती. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम 3 सेंटिमीटर, आणि सुरुवातीचे काही आठवडे तर निघण्यातच जातात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर त्याने स्वतः टेपने मोजलं, मनाशी भागाकार केला आणि म्हणाला, “म्हणजे मी उगाच घाई करत होतो.”

मला खरी काळजी वेगळीच होती. तर्जनीवर फोड होता. चहाचा स्टीलचा पेला धरला, चटका कळलाच नाही. गहू-वाल टाळणाऱ्या या घरात गरम भांडं कोणी टाळलं नव्हतं! गरम वस्तू डाव्या हाताने धरायची, रोज रात्री उजेडात बोटं तपासायची, आणि डोळे मिटून तांदूळ, कापूस, गोणपाट ओळखायचा सराव चुकवायचा नाही, एवढं त्याला लिहून दिलं. मावशींनी फक्त एकच विचारलं, मोड आलेल्या मटकीची उसळ उद्यापासून केली तर चालेल का. मी म्हटलं, आज रात्रीच भिजत घाला.