अमेरिकेत वंशभेदाचे कायदे 1960च्या दशकात रद्द झाले, मग 'स्ट्रक्चरल रेसिझम' (व्यवस्थेतच मुरलेला वंशभेद) अजून आहे असं का म्हणतात?

कारण कायदे गेले, पण त्यांच्या जोरावर झालेली मालमत्तेची वाटणी तशीच राहिली. घरांचंच घ्या. 1930च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा भाग कर्जासाठी उत्तम, लाल धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल. 1934 साली आलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननेही गृहकर्जाला हमी देताना वस्तीत कोण राहतं ते पाहिलं. 1968च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने हे बेकायदा ठरवलं, पण तोवर गोऱ्या मध्यमवर्गाची घरं घेऊन झाली होती आणि तिथे पुढच्या पिढीच्या हाती पडणारी मोठी ठेव म्हणजे घरच. शिवाय सरकारी शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो, म्हणजे महागड्या घरांच्या वस्तीला शाळेसाठी जास्त पैसा उभा करता येतो. (न्यू जर्सीत आपले लोक 'चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट' बघून घर घेतात, ते याच व्यवस्थेत.) यात कुणाच्या मनात द्वेष असावाच लागत नाही. चर्चा अडते ती नेमकी इथे: 'मी वंशवादी नाही' हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं.

मात्र सगळं खापर नकाशांवर फोडू नका. लाल भागांत गरीब गोरेही बरेच राहत, आणि नकाशांनी दरी रुंदावली की आधीचीच कागदावर आणली, यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही.