कट म्हणायच्या आधी पाच मोज

अरे, रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी चहा पिताना वाचला, मग फिल्म कोर्ससाठी तू शूट केलेला कंटिन्युइटीचा एक्सरसाइज (तुकड्यांत घेतलेले शॉट सलग वाटावेत असे जोडायचे, तो) चार वेळा बघितला. फोन सोडून कॅमेरा घेऊ का, एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदलू का, प्रीमियर सोडून डाविंचीवर जाऊ का, कोर्सच सोडू का. तिन्हींचं उत्तर एकच, नाही. झालं, आता कामाचं बोलू.

आजोबा सायकलमध्ये हवा भरतात आणि निघून जातात, एवढीच गोष्ट, अकरा शॉट. विषय झकास निवडलायस, खरंच. पण तुझं रॉ फुटेज मागवलं ना, ते बघून माझं डोकं फिरलं. आठ सेकंदांच्या वर एक शॉट नाही! आजोबांनी व्हॉल्व्हचं टोपण काढलं की कट, पंप लावला की कट, त्यांचं काम उरकायच्या आत तुझं बोट लाल बटणावर. मग एडिटला बसलास तर वाइडमध्ये, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, हात जिथे थांबतो तिथूनच क्लोजअप सुरू, दोन्हीकडे सारखं असं काहीच नाही, कापणार कुठून? वाकण्यापासून उभं राहीपर्यंतची सगळी हालचाल दोन्ही शॉटमध्ये पाहिजे, मग हात वळताना मधेच कुठेतरी कापता येतं आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रोल केलंस की पाच मोज, मग ॲक्शन म्हण. ॲक्शन संपली की परत पाच मोज, मग कट. मनात, एक दोन तीन चार पाच, घाई न करता.

आमच्या वेळी फिल्मवर शूट करताना हात आखडता होता त्याला निदान कारण होतं. १६ एमएम फिल्मचा ४०० फुटांचा डबा, सेकंदाला २४ फ्रेमने जेमतेम ११ मिनिटं, म्हणजे पाच सेकंदाला ३ फूट गेले. मीही असाच कंटिन्युइटीचा एक्सरसाइज केलेला, म्हातारा माणूस जिना चढतो, कुलूप उघडतो, आत जातो. कँटीनमधल्या एकाचे वडील होते ते, ॲक्टर वगैरे नाही. कुलूप निघालं, मी कट म्हटलं, कॅमेरा थांबला, आणि त्यानंतर त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि वरून खिसा दोनदा चाचपला. अख्ख्या एक्सरसाइजमध्ये तेवढंच खरं होतं आणि ते फक्त मी बघितलं. परत करा म्हटलं तर त्यांनी ॲक्टिंग केली. स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म एडिट करायच्या टेबलावर, तो शॉट शेवटच्या फ्रेमपर्यंत किती वेळा पुढे मागे फिरवला असेन! आणि डब्यात फिल्म उरली किती माहितीये? ४० फूट. मिनिटाहून जास्त. तुझ्याकडे तर फोनमध्ये ढीगभर जीबी पडलेत, तुला कसली रे काटकसर?

फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून तो वाढताना महिनाभर रोज थोडं थोडं टिपलं, ते पडद्यावर मिनिटभराचं, पैसा लावणाऱ्यांना दाखवायला. आणि तुला पाच सेकंद जड होतात.

तुझा मित्र म्हणतो जंप कट, म्हणजे मधला तुकडा गाळून हालचाल उडी मारल्यासारखी दाखवणं, ही स्टाइल आहे. असेल. पण तुझ्याकडे दुसरं काही लावायला नव्हतंच, त्याला स्टाइल कसं म्हणू मी? आधी पूर्ण शॉट घे, मग हवा तसा तोड, मी टाळ्या वाजवीन.

बाकीच्या चुका एका दिवसात सुटतील. चौथ्या शॉटला तू रेषा ओलांडलीस, म्हणजे कॅमेरा आजोबांच्या पलीकडच्या बाजूला नेलास, सायकल मघाशी डावीकडे बघत होती ती अचानक उजवीकडे. आजोबांच्या तोंडावर उजेड मधेच कमी जास्त होतोय, स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक कर. आतल्या शॉटमध्ये ट्यूबलाइट लपलपतेय, आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव. अंगणाचा नुसता आवाजही मिनिटभर घेऊन ठेव, कटच्या खाली पसरायला.

मला एका सिरियलच्या एडिटमधून काढलं, ताई स्लो आहेत म्हणून. स्लो नव्हते मी! रिॲक्शन शॉट यायचे दीड दीड सेकंदाचे, त्यात झूम मारलेला, मी लिहून दिलं की बाबांनो शॉटमागे पाच सेकंद सोडा, तर म्हणे शेड्यूल बघा. मग तोच चेहरा तीनदा लावा आणि खाली ढाण ढाण म्युझिक. चूक त्यांची होती, आजही म्हणेन. बरं, ते जाऊ दे.

शनिवारी परत शूट कर. आजोबांना कॅमेरा कधी चालू कधी बंद ते सांगू नकोस, आणि पाच मोज. अकरावा शॉट मात्र आधी परत बघ. ते सायकलवर टांग टाकतात आणि शेवटच्या चार-पाच फ्रेममध्ये त्यांची मान मागे वळायला लागते, तिथेच तू थांबवलंस. कशाकडे बघत होते रे ते? त्यांना विचार आणि मला कळव.