करकरणारी माडी आणि दोन वर्षांची मुदत

ताई, खानापूरच्या तुमच्या जुन्या घराची माडी कोल्हापूरच्या कॉन्ट्रॅक्टरने 1 लाख 80 हजार घेऊन मे 2023 मध्ये नव्या फळ्यांची करून दिली. ती करकरू लागली, तेव्हापासून ‘पाऊस सरू दे, येतो’ म्हणत त्याने आज सप्टेंबर 2025 पर्यंत आणलं. सीमाभागातून अशी पत्रं सारखी येतात आणि प्रश्न एकच असतो: माणूस महाराष्ट्रातला, मग दावा तिकडेच लावायचा का? नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. तुम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंत फीही नाही.

तुमचं खरं संकट कलम 69 आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, बस्स. कोटेशनवरच्या ‘सहा महिने मोफत दुरुस्ती’ या ओळीवर तुम्ही पानभर लिहिलंत, आणि ज्यावर सगळं अडलंय ती तारीख कुठेच नाही! ती मला तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये सापडली: ‘दिवाळीपासून माडी फार वाजते.’ 2023 ची लक्ष्मीपूजा 12 नोव्हेंबरला होती. म्हणजे हातात जेमतेम दीड महिना.

समोरचा वकील मुदत मे महिन्यापासूनच मोजेल, म्हणजे ती कधीच संपली असं म्हणेल. त्याला उत्तर लाकडातच आहे. खानापूरच्या पावसात फळ्या फुगून एकमेकींना घट्ट दाबून बसतात, तेव्हा आवाज येत नाही. थंडीत त्या आकसतात, खिळ्याची पकड सुटते आणि पाय पडला की फळी खिळ्यावर घासते. दोष दिवाळीआधी कळणं शक्यच नव्हतं, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. तरी सोबत विलंब माफीचा अर्ज जोडाच. तो मंजूर होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. एप्रिल 2024 मध्ये कॉन्ट्रॅक्टरचा सुतार येऊन चार खिळे ठोकून गेला, त्यावरून मुदत नव्याने धरा असं म्हणता येईल, पण त्या भरवशावर राहू नका. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही घड्याळ थांबत नाही.

भाऊ म्हणतो तसे स्क्रू मारायची घाई करू नका. पुरावाच जाईल. जिन्याजवळच्या फळीवर कुणाला तरी उभं करा, खिळ्याचं डोकं वरखाली होतं त्याचा जवळून व्हिडिओ घ्या आणि इंजिनियरचा लेखी अहवाल घ्या. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि हे वर्षानुवर्षं चालू आहे याचा मला संताप येतो. म्हणून अहवाल हाती आला आणि तक्रार दाखल झाली, की आयोगाला अर्ज देऊन माडी दुरुस्त करून घ्या, बिलं जपा.

कोटेशन आणि मेसेज मराठीत आहेत, त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर याच आठवड्यात करून घ्या. दसऱ्यानंतर नको.